टीएम ९-८०३: मूळ पुस्तिका घ्यावी, पुनर्मुद्रण की पीडीएफ?

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचे कागद जमवणाऱ्यांच्या कपाटात पहिली जागा एकाच पुस्तिकेची असते. अमेरिकेच्या युद्ध खात्याची ही टीएम (टेक्निकल मॅन्युअल, म्हणजे तांत्रिक पुस्तिका) ९-८०३, तारीख २२ फेब्रुवारी १९४४. विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या दोन्ही पाव टनी जीपसाठी मिळून ही एकच पुस्तिका होती. आज ती तीन रूपांत मिळते: त्या काळची मूळ छपाई, नंतरची पुनर्मुद्रणं आणि स्कॅन करून फुकट फिरणारी पीडीएफ. तिन्हींचा उपयोग वेगळा आणि फसण्याच्या जागाही वेगळ्या.

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. गाडीवर काम करायचं असेल तर पुनर्मुद्रण घ्या, पण आतल्या फोटोंची छपाई बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पीडीएफ शोधाशोधीसाठी ठेवा. मूळ प्रत संग्रहासाठीच घ्या, आणि तीही पानं पूर्ण असतील तरच. तिन्हींपैकी काहीही घेतलं तरी सुट्या भागांची यादी, म्हणजे एसएनएल जी-५०३, सोबत हवीच. तिच्याशिवाय ९-८०३ अर्धीच कामाची.

गाडी कुठली ते आधी ठरवा

आपल्याकडे 'विलीज' म्हणून उभ्या असलेल्या बहुतेक जीप महायुद्धातल्या नसतात. १९४७ मध्ये पहिल्या ७५ जीप पेटीबंद सुट्या भागांच्या रूपात आयात झाल्या, १९४९ मध्ये मुंबईत माझगावला जीप जोडली जाऊ लागली, आणि पुढे महिंद्रची दीर्घ परंपरा सुरू झाली ती नागरी जीपची. उंच बोनेटची सीजे-३बी महाराष्ट्रात गावोगाव दिसते. टीएम ९-८०३ तिच्यासाठी नाही, आणि हा फरक फक्त दिसण्याचा नाही.

एमबीच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बाजूला बसतात. सीजे-३बीच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. बोनेट उंच झालं ते त्यामुळेच. ९-८०३ मध्ये टॅपेटची फट ०.०१४ इंच, म्हणजे १४ थाऊ, दोन्ही व्हॉल्व्हना सारखीच दिली आहे. सीजे-३बीला इनटेकला १८ आणि एक्झॉस्टला १६ थाऊ लागते. १४ वर बसवलेला तिचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह इंजिन तापल्यावर नीट बसत नाही, कडेनं गरम वायू निसटत राहतो आणि काही महिन्यांत व्हॉल्व्हची कडा जळते. गिअरबॉक्सही वेगळा: एमबीचा टी-८४, सीजे-३बीचा टी-९०. त्यामुळे गिअरबॉक्स उघडताना ९-८०३ समोर ठेवण्यात अर्थ नाही.

एम-३८ (युद्धानंतरची अमेरिकन लष्करी जीप) आणि फ्रेंच सैन्याची हॉचकिस एम-२०१ यांचीही गल्लत होते. एम-३८ २४ व्होल्टची, एम-२०१ सुरुवातीला ६ आणि पुढे २४ व्होल्टची, एमबी-जीपीडब्ल्यू ६ व्होल्टची. वायरिंगच्या आकृतीत २४ चा आकडा दिसला की ती पुस्तिका बाजूला ठेवा, मुखपृष्ठावर 'जीप' कितीही मोठ्या अक्षरांत असो. जबलपूरच्या वाहन कारखान्यातली जोंगा तर मुळात निसान कंपनीची 'पॅट्रोल' ही गाडी, तिच्यासाठी अमेरिकन कागद घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

गाडीची खात्री चॅसीवरून करा. एमबीची क्रमांकपट्टी पुढच्या बंपरमागे डाव्या चॅसीच्या आतल्या अंगाला रिव्हेट केलेली असते. जीपीडब्ल्यूचा क्रमांक डाव्या चॅसीच्या वरच्या पृष्ठभागावर, इंजिनच्या पुढच्या आधाराजवळ ठोकलेला असतो. गंज आणि रंगाच्या थरांखाली तो दिसत नाही. तिथला रंग रसायनाने उतरवा, ग्राइंडर लावू नका, नाहीतर क्रमांकच जाईल. डॅशबोर्डवरच्या पट्ट्यांवर विसंबू नका. त्या आज नव्या कोऱ्या मिळतात आणि त्यांवर हवी ती तारीख ठोकून दिली जाते.

पुस्तिकेत नेमकं काय मिळतं

९-८०३ चे दोन भाग आहेत. पहिला चालकासाठी: नियंत्रणं, गाडी चालवणं, चिखल-वाळू-थंडीतला वापर, रोजची देखभाल, वंगण, हत्यारं कुठे ठेवायची. दुसरा तुकडीच्या मेकॅनिकसाठी: दोष शोधणं, मग इंजिनपासून बॉडीपर्यंत एकेक यंत्रणा. एकूण सव्वादोनशेच्या वर पानं.

रोजच्या देखभालीची रचना हा या पुस्तिकेचा सर्वात मोलाचा भाग, असं आमचं ठाम मत आहे. निघण्यापूर्वी, चालवताना, थांब्यावर आणि परतल्यावर अशा चार वेळा चालकाने काय बघायचं ते क्रमाने दिलं आहे. त्याशिवाय दर आठवड्याची तपासणी. मेकॅनिकसाठी १,००० मैल किंवा एक महिना आणि ६,००० मैल किंवा सहा महिने, यांपैकी जे आधी येईल ते. मेकॅनिकच्या तपासणीतल्या कामांचे क्रमांक फॉर्म ४६१ या छापील तपासणीपत्रकाशी जुळवलेले आहेत. म्हणून ९-८०३ सोबत कोरा फॉर्म ४६१ मिळाला तर तो सजावटीचा कागद नाही. त्याची झेरॉक्स काढून आजही गाडीची सहामाही तपासणी करता येते. थांब्यावर चाकाच्या हबला हात लावून उष्णता बघण्याची सवय मेकॅनिकलाही लागली तर बेअरिंग आणि चिकटलेले ब्रेक वेळेत सापडतात.

दोष शोधण्याचं प्रकरणही चांगलं आहे. लक्षण, संभाव्य कारण, उपाय असं सरळ. प्लगची फट ०.०३० इंच, पॉइंटची ०.०२०, फायरिंगचा क्रम १-३-४-२, टायरमध्ये ३५ पौंड हवा, हे आकडे लागतात तिथे हाताशी येतात. पण ३५ पौंड हे त्या काळच्या ६.००-१६ टायरसाठी आहे. आज रेडियल टायर घातले असतील तर टायरवाल्या कंपनीचा आकडा धरा.

आता मापांबद्दल. इथे भारतीय वाचकाची हमखास चूक होते. पुस्तिकेतले क्वार्ट आणि गॅलन अमेरिकन आहेत. आपल्याकडची जुनी मापं ब्रिटिश, म्हणजे इंपीरियल. अमेरिकन क्वार्ट ०.९५ लिटर, इंपीरियल क्वार्ट १.१४ लिटर. इंजिन ऑइल बदलताना ४ क्वार्ट लिहिलं आहे, ते ३.८ लिटर होतं. इंपीरियल धरून ओतलं तर साडेचार लिटर जातं. गिअरबॉक्सला पाऊण क्वार्ट म्हणजे ०.७ लिटर, ट्रान्सफर केसला दीड क्वार्ट म्हणजे १.४ लिटर, प्रत्येक डिफरन्शियलला सव्वा क्वार्ट म्हणजे जवळपास १.२ लिटर. रेडिएटरसकट पाणी ११ क्वार्ट, साधारण १०.४ लिटर. पेट्रोलची टाकी १५ गॅलन, ५७ लिटरच्या आत. डिफरन्शियलमध्ये जास्त ऑइल गेलं की ते आतून नळीवाटे हबपर्यंत पोचतं, सील ओलांडून ब्रेक लाइनरवर येतं आणि गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते. मेकॅनिक मग ब्रेकच उघडत बसतो. पुस्तिकेच्या कोऱ्या पानावर लिटरचा तक्ता पेन्सिलीने लिहून ठेवा. मूळ प्रतीवर मात्र नाही.

वंगणाची नावं लघुरूपात आहेत. ओई म्हणजे इंजिन ऑइल, सीजी म्हणजे साधं ग्रीस, जीओ म्हणजे गिअर ऑइल. तापमानाप्रमाणे रकाने आहेत आणि महाराष्ट्रात आपला रकाना कायम ३२ फॅरनहाइटच्या वरचा, म्हणजे इंजिनला एसएई ३०, गिअरला ९०. इथे जुन्या कागदाची मर्यादा लक्षात घ्यावी लागते. आज दुकानात ९० नंबर मागितलं की बहुतेक वेळा जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल हातात पडतं. त्यातली गंधकयुक्त द्रव्यं टी-८४ मधल्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. गिअरबॉक्ससाठी जीएल-४ मागून घ्या. हे १९४४ च्या पुस्तिकेत असणं शक्यच नव्हतं.

पुस्तिकेत काय नाही तेही बघू. इंजिन बाहेर काढणं आणि बसवणं आहे, पण ते उघडून रिंग-बेअरिंगपर्यंतचं काम नाही. कारण ९-८०३ वापरणाऱ्या तुकडीसाठी होती. मोठं काम मागच्या कार्यशाळांचं, आणि त्यांच्यासाठी वेगळ्या पुस्तिका होत्या: इंजिन आणि क्लचसाठी टीएम ९-१८०३ए, गिअरबॉक्सपासून बॉडी-चॅसीपर्यंत टीएम ९-१८०३बी, ऑटो-लाइटच्या विद्युत भागांसाठी टीएम ९-१८२५बी, कार्टर कार्ब्युरेटरसाठी टीएम ९-१८२६ए. इंजिन खोलायचं ठरवलं असेल तर पहिली खरेदी १८०३ए. अनेकजण ९-८०३ घेऊन निराश होतात ते या विभागणीमुळे. त्यात पुस्तिकेचा दोष नाही.

क्रमांकातला पहिला आकडाही काहीतरी सांगतो. १० ने सुरू होणाऱ्या टीएम क्वार्टरमास्टर कोअरच्या, ९ ने सुरू होणाऱ्या ऑर्डनन्स खात्याच्या. ऑगस्ट १९४२ मध्ये मोटारवाहनांचं काम क्वार्टरमास्टरकडून ऑर्डनन्सकडे गेलं, म्हणून आधीच्या जीपचे कागद टीएम १०-१५१३ सारख्या क्रमांकाचे आहेत. तुमची एमबी सुरुवातीची, पोलादी पट्ट्या जोडून केलेल्या जाळीची असेल, तर १९४४ च्या पुस्तिकेतले फोटो आणि तुमची गाडी अनेक ठिकाणी जुळणार नाहीत. त्या गाडीसाठी १० मालिकेतला कागद शोधणंच योग्य.

पुनर्मुद्रण घेताना

अमेरिकन सरकारने केलेल्या प्रकाशनांवर तिथल्या कायद्याने स्वामित्वहक्क नसतो. त्यामुळे ९-८०३ कुणीही छापू शकतं आणि छापतंही. चांगल्या मूळ प्रतीवरून नीट निगेटिव्ह करून काढलेली आवृत्ती आणि झेरॉक्सची झेरॉक्स बांधून विकलेली आवृत्ती, दोन्हींवर मुखपृष्ठ एकच. विलीज किंवा फोर्ड कंपनीने स्वतः काढलेल्या पुस्तकांना ही मोकळीक आपोआप लागू होत नाही, म्हणून ती छापून विकायचा विचार असेल तर आधी हक्क तपासा.

विक्रेत्याकडून चार पानांचे फोटो मागवा: शीर्षकपान, वंगणाचा तक्ता, वायरिंगची आकृती आणि इंजिनचा कुठलाही एक फोटो. शीर्षकपानावर तारीख आणि क्रमांक पूर्ण दिसले पाहिजेत. वंगणाच्या तक्त्यातली सर्वात बारीक अक्षरं वाचता आली पाहिजेत. वायरिंगच्या आकृतीत तारांच्या रंगखुणा ओळखू आल्या पाहिजेत. फोटोत काळ्या भागातही नट-बोल्टचे आकार वेगळे दिसले पाहिजेत. खराब आवृत्तीत कार्ब्युरेटर म्हणजे काळा डाग आणि त्यातून निघालेले बाण, एवढंच उरतं. बाण कशाकडे जातो ते कळत नसेल तर पुस्तिकेचा निम्मा उपयोग संपला.

आणखी एक खूण सोपी आहे. मूळ पुस्तिकेतल्या फोटो-आकृत्यांच्या कोपऱ्यात 'आरए पीडी' ही अक्षरं आणि एक क्रमांक असतो. ती रॅरिटन शस्त्रागाराच्या प्रकाशन विभागाची नोंद. पुनर्मुद्रणात ही अक्षरं कापली गेली असतील तर समजा की कडेची इतर माहितीही कापली गेली आहे.

आकाराचं म्हणाल तर मूळ पुस्तिका लहान, हातात मावणारी. ए४ वर मोठी करून छापलेली प्रत गॅरेजमध्ये वाचायला बरी पडते, पण फोटोतले ठिपके मोठे होऊन चित्र विसविशीत दिसतं. लहान करून छापलेली घेऊच नका. गोंदाने चिकटवलेली बांधणी इंजिनवर उघडी राहत नाही आणि दोन-तीन महिन्यांत पानं सुटतात. आल्याआल्या कणा कापून घ्या आणि स्पायरल बांधणी करून घ्या. कुठलंही झेरॉक्सचं दुकान हे करून देतं. वंगणाच्या तक्त्याची वेगळी प्रत काढून लॅमिनेट करा आणि गाडीत ठेवा. मूळ नियमही तोच होता: वंगण मार्गदर्शिका क्रमांक ५०१ प्रत्येक जीपसोबत कायम असायची.

परदेशातून मागवताना विक्रेत्याला पार्सलवर 'छापील पुस्तक' एवढंच लिहायला सांगा. 'मिलिटरी व्हेइकल' असे शब्द असलेलं पार्सल सीमाशुल्क खात्यात उगाच अडकून पडतं. पाकीट प्लॅस्टिकच्या आवरणात आणि दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये हवं. पावसाळ्यात येणारं पार्सल असेल तर हे पत्रात आवर्जून लिहा.

पीडीएफ

फुकट आहे म्हणून वाईट नाही. शब्द शोधता येतात, फोनवर नेता येते, हवं ते पान छापता येतं. पण स्कॅन कसं केलं आहे ते बघा. निव्वळ काळा-पांढरा स्कॅन असेल तर मजकूर ठळक आणि फोटो मेलेले. करड्या छटांमधला ३०० डीपीआय किंवा त्याहून चांगला स्कॅन घ्या. मग पान क्रमांक सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाळून पाहा. कोपरा दुमडलेला, दोन पानं एकदम उलटलेली, हे प्रकार सर्रास आढळतात. मशीनने ओळखलेल्या मजकुरावर विसंबून आकडे घेऊ नका. अपूर्णांक तिथे हमखास बिघडतात: सव्वा क्वार्टचा सव्वाअकरा होतो, ०.०२० चा शून्य गळतो. शब्द शोधायला तो मजकूर वापरा, आकडा पानाच्या चित्रावरूनच वाचा. छापताना 'मूळ आकार' निवडा. 'पानात बसवा' निवडलं की आकृत्यांचं प्रमाण बदलतं.

मूळ प्रत

मूळ छपाई पुनर्मुद्रणाच्या कित्येक पट महाग जाते, म्हणून ती मूळ आहे का ते तपासण्यात वेळ घालवणं रास्त आहे. तीन गोष्टी हाताशी ठेवा: दहापट भिंग, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च आणि चांगला उजेड.

भिंगातून फोटो बघा. मूळ छपाईत ठिपके स्वच्छ, कडा नीट, एकाच जाळीतले दिसतात. छापील पानावरून पुन्हा छापलं की जुन्या ठिपक्यांवर नवी जाळी बसते आणि लाटांसारखे पट्टे उमटतात. डिजिटल प्रिंटमध्ये अक्षरांभोवती टोनरची धूळ आणि हलकी चमक दिसते. मग अंधारात टॉर्च लावा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात शुभ्रता वाढवणारी रसायनं आहेत. ती युद्धानंतरच्या काळात कागदात सर्रास आली, १९४४ च्या कागदात ती नसतात. म्हणून मूळ कागद टॉर्चखाली मंद, पिवळट राहतो. मात्र मुखपृष्ठ मूळ आणि आतली पानं बदललेली असंही घडतं. टॉर्च प्रत्येक विभागातल्या एकदोन पानांवर फिरवा.

टाचण्यांचा गंज कागदात उतरलेला असेल तर ते जुनेपणाचं चांगलं लक्षण. नव्या चकचकीत टाचण्या आणि जुनी छिद्रं दिसली तर पुस्तिका उघडून पुन्हा बांधली आहे. मग पानं मोजाच. मुखपृष्ठावरचा 'रिस्ट्रिक्टेड' हा शब्द त्या काळचा नेहमीचा शिक्का आहे, त्याने किंमत वाढत नाही. तुकडीचा शिक्का, मेकॅनिकने पेन्सिलीने लिहिलेली दुरुस्ती, आत ठेवलेलं बदलपत्रक यांनी मात्र प्रत मोलाची होते. बदलपत्रक म्हणजे नंतर आलेली छापील दुरुस्ती. ती पुस्तिकेतल्या आकड्याला रद्द करते, म्हणून सुटं मिळालं तरी टाकू नका.

सोबत येणाऱ्या भरलेल्या फॉर्मबाबत जास्त सावध राहा. चालकाचं प्रवासपत्रक फॉर्म ४८, अपघात अहवालाचा स्टँडर्ड फॉर्म २६, बदल आणि मोठ्या भागांच्या अदलाबदलीची नोंद ठेवणारा फॉर्म ४७८, हे तिन्ही जीपसोबत असायचे. कोरे फॉर्म पुन्हा छापले गेले आहेत, आणि कोऱ्या फॉर्मवर जुनी तारीख घालणं अवघड नाही. शाई बघा. बॉलपेन अमेरिकेत दुकानात विक्रीला आलं ते ऑक्टोबर १९४५ च्या अखेरीस. १९४४ च्या अमेरिकन फॉर्मवर बॉलपेनची गुठळ्या सोडणारी रेघ असेल तर तो कागद परत करा. फॉर्मच्या तळाशी त्याच्या स्वतःच्या आवृत्तीची तारीख असते, ती भरलेल्या तारखेच्या आधीची हवी. बोनेटचा नोंदणी क्रमांक २० ने सुरू होतो का ते बघा. शेवटी 'एस' असेल तर गाडीला रेडिओचा खरखराट दाबणारी जोडणी केलेली होती.

जी-५०३ का हवी

एसएनएल जी-५०३ ही सुट्या भागांची यादी. गट ठरलेले आहेत: ०१ इंजिन, ०२ क्लच, ०३ इंधन, ०६ विद्युत, ०७ गिअरबॉक्स, ०८ ट्रान्सफर केस, १० पुढचा अॅक्सल, ११ मागचा, १२ ब्रेक आणि असेच पुढे. प्रत्येक भागासमोर विलीजचा आणि फोर्डचा, असे दोन्ही क्रमांक. विलीजच्या आधी 'डब्ल्यूओ', फोर्डच्या आधी 'एफएम-जीपीडब्ल्यू'. फोर्डच्या क्रमांकात एक सोय आहे. ६,००० च्या घरातले क्रमांक इंजिनचे, ७,००० चे गिअरबॉक्स-क्लचचे, ८,००० चे पाण्याच्या यंत्रणेचे, ९,००० चे इंधनाचे. डब्यात सापडलेला अनोळखी भाग फोर्डचा असेल तर क्रमांकाच्या पहिल्या आकड्यावरून तो कुठला ते कळतं. फोर्डने बोल्टच्या डोक्यांवरही 'एफ' ठोकला आहे.

९-८०३ काम कसं करायचं ते सांगते, जी-५०३ काय मागवायचं ते सांगते. परदेशी विक्रेत्याला 'मागच्या अॅक्सलचं सील' असं लिहिलं तर तो दुसऱ्याच गाडीचं पाठवू शकतो. क्रमांक लिहिला तर चुकायला जागा राहत नाही. जी-५०३ चं पुनर्मुद्रण घेताना मुख्य कसोटी म्हणजे भाग सुटे मांडून दाखवणाऱ्या आकृत्यांमधली छोटी अक्षरं. ती वाचता येत नसतील तर यादी निरुपयोगी.

भारतात कागद घेताना

मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटला आणि पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी जीपचे कागद निघतात, पण त्यांत महिंद्रच्या मालक-पुस्तिका आणि झेरॉक्स प्रती जास्त. त्या कमी लेखू नका. सीजे-३बी असणाऱ्यासाठी त्याच खऱ्या उपयोगाच्या. मुंबईत छापलेल्या जुन्या पुस्तिका अजून रद्दीत जातात, आणि त्या वेळेत वाचवल्या पाहिजेत.

भारतीय लष्कराच्या दुरुस्ती-नियमावल्या किंवा 'गोपनीय', 'प्रतिबंधित' शिक्क्याचे कागद मात्र हातात घेऊ नका. १९२३ चा गोपनीयता कायदा कागद जुना आहे म्हणून आपोआप सुटत नाही. लष्कराच्या लिलावातून आलेल्या गाडीचे कागद वेगळे. तिथे फॉर्म २१ मधलं मूळ विक्री-प्रमाणपत्र सर्वात महत्त्वाचं, कारण नोंदणीसाठी आरटीओ तेच मागतं. त्यावरचा चॅसी आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी अक्षर-अक्षर जुळवा. २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या बिगरव्यावसायिक गाड्यांची विंटेज नोंदणी होते. नवी नोंदणी २०,००० रुपये, १० वर्षं मुदत, आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल नको. डिझेल इंजिन घातलेली जीप इथेच अडते. जुनी पुस्तिका हे मूळ रूप दाखवायला मदत करते, पण कायद्याने लागणाऱ्या कागदाची जागा घेत नाही.

आणि मूळ कागद परदेशी संग्राहकाला विकायचा असेल तर थांबा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे ऐतिहासिक मूल्याचा ७५ वर्षांहून जुना दस्तऐवज पुरावशेष ठरू शकतो आणि तो परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तो पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र आधी घ्या.

साठवण

युद्धकाळातला कागद आम्लयुक्त, त्यात कोकणपट्टीची हवा. पीव्हीसीची पाकिटं वापरू नका, ती चिकटतात आणि शाई उचलतात. पॉलिएस्टरची पाकिटं आणि आम्लरहित खोकं घ्या. गंजलेल्या टाचण्या बाहेरून ओढू नका. पाठीमागून पाय सरळ करून, बारीक पात्याने उचलून काढा. सेलोटेप कधीही नाही. फाटलेल्या पानाला जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, तीही पातळ. कसर किंवा वाळवीची शंका आली तर पुस्तिका दोन हवाबंद पिशव्यांत घालून उणे २० अंशाच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर हवेतलं पाणी पानांवर जमतं. मूळ पान लॅमिनेट करू नका. गॅरेजमध्ये न्यायचं असेल तर ४०० डीपीआयचा स्कॅन काढून त्याची छपाई न्या.